काचेच्या गोळ्यातला सोंगाड्या

पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईची लोहार चाळ, दुकानांच्या दर्शनी भागात हल्ली जुन्याच बल्बचा थाट दिसतो. पारदर्शक काच, आत पिवळसर उभ्या काड्या, महागातला घेतला तर मधाच्या रंगाची काच आणि वेटोळी घातलेली तार. हॉटेलवाल्यांनी हा बल्ब एवढा मनावर घेतला आहे, की मेनूकार्ड वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते. नाव ‘फिलामेंट बल्ब’, पण फिलामेंट त्यात नाहीच. आहे तो एलईडी. जुन्या बल्बचं सोंग त्याने इतकं हुबेहूब वठवलं आहे, की आतला सगळा कारभार उलटा चालतो हे ध्यानातही येत नाही.

जुन्या बल्बला उष्णता हवीच असे. टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापली की पिवळा उजेड पडायचा, आणि घेतलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग दिसणाऱ्या प्रकाशात उतरायचा. तार झिजू नये म्हणून आयर्विंग लँगम्यूर यांनी 1913 मध्ये बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरण्याची युक्ती काढली. पुढे आर्गॉन रूढ झाला. तो उष्णता फारशी वाहून नेत नाही, म्हणजे तारेची धग तारेपाशीच राहते.

एलईडीचं मरण मात्र उष्णतेतच. साध्या एलईडी बल्बला खालच्या बाजूला प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा जाडजूड भाग असतो, तो ही उष्णता बाहेर काढण्यासाठी. सगळा गोळा पारदर्शक काचेचा हवा म्हटल्यावर ती सोय गेली. मग काचेत हेलियम भरायचा. हेलियम हवेच्या सुमारे सहापट आणि आर्गॉनच्या आठपटीहून अधिक चांगली उष्णता वाहतो. काडीची उष्णता तो काचेपर्यंत पोचवतो आणि काच ती खोलीतल्या हवेला देते. काच तीच, तोंड वितळवून बंद करण्याची रीतही तीच, पण आतल्या वायूची निवड नेमकी उलट्या कारणासाठी. काचेला बारीक चीर जाऊन हेलियम निसटला तर बल्ब लगेच बंद पडत नाही. काड्या जास्त तापतात आणि महिन्यांच्या हिशेबाने निस्तेज होत जातात.

काडीची रचना पाहण्यासारखी आहे. काच, नीलम किंवा सिरॅमिकच्या चिंचोळ्या पट्टीवर निळा प्रकाश देणाऱ्या खसखशीएवढ्या चिप्स ओळीने बसवतात. नेहमीच्या काडीत साधारण अठ्ठावीस. वरून फॉस्फरचा पिवळा लेप. निळ्या उजेडाचा काही भाग हा लेप पिवळ्या-तांबड्यात बदलतो आणि मिश्रण डोळ्याला उबदार पांढरं दिसतं. बंद बल्बच्या काड्या पिवळ्या दिसतात त्या या लेपामुळे. पट्टी प्रकाश अडवत नसेल तर उजेड चहूबाजूंनी पसरतो. जपानमधल्या उशिओ कंपनीने अशा रचनेचा बल्ब 2008 च्या सुमारास पुढे आणला. त्याआधी निळा एलईडीच हाताशी यावा लागला होता. त्या कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता अठ्ठावीसच चिप्स आणि बहुतेक बल्बमध्ये चारच काड्या का, ते पाहू. शोभेचा प्रश्न इथे दुय्यम आहे. एक चिप पावणेतीनच्या आसपास व्होल्ट घेते, म्हणजे काडीला पाऊणशे ते ऐंशी व्होल्ट लागतात. चार काड्या एकामागोमाग जोडल्या की बेरीज तीनशेच्या घरात जाते. आपल्या घरातली 230 व्होल्टची वीज शिखराला 325 व्होल्टपर्यंत चढते. ती एकदिश केली की उरलेले वीस-पंचवीस व्होल्ट सांभाळायला बल्बच्या होल्डरमध्ये बसणाऱ्या टोपीतली एक चिमुकली आयसी पुरते. अमेरिकेत 120 व्होल्ट, शिखर 170, म्हणून तिथे काड्या दोन-दोनच्या जोड्यांनी लावतात.

आयसी लागते कारण एलईडीला स्वतःवर ताबा नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या बारा-पंधरापट होतो, त्यामुळे प्रवाह आपोआप आवरला जातो. एलईडी तापला की त्याला लागणारा विजेचा दाब उलट कमी होतो आणि तो आणखी प्रवाह ओढू लागतो. मोकळा सोडला तर स्वतःलाच जाळून घेईल.

या साध्या, स्वस्त रचनेची परीक्षा आपल्याकडच्या व्होल्टेजपुढे होते. संध्याकाळी दाब 190 वर उतरला की शिखर 270 च्या आसपास राहतं. काड्यांची गरज तीनशेची, त्यामुळे बल्ब एकदम मलूल होतो. जुना बल्ब अशा वेळी तांबूस होऊन का होईना, तग धरायचा. उलट दाब 260 ला गेला तर शिखर 368. वरचे साठ-सत्तर व्होल्ट गुणिले तेरा मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ एक वॉट उष्णता त्या टोपीत कोंडते. चार वॉटच्या बल्बसाठी हे ओझं लहान नाही. चांगल्या आयसी अशा वेळी प्रवाह आपणहून घटवतात. स्वस्तातल्या बल्बची हमी कोण देणार?

टोपीतल्या अपुऱ्या जागेचा आणखी एक परिणाम डोळ्यांवर होतो. 50 हर्ट्‌झची वीज एकदिश झाली की सेकंदाला शंभर वेळा चढते-उतरते. तो चढउतार सपाट करायला मोठा कॅपॅसिटर हवा, आणि मेणबत्तीच्या आकाराच्या बल्बच्या अरुंद टोपीत तो मावत नाही. जुनी तार एवढ्या वेळात थंड होत नसे. एलईडी मात्र प्रत्येक चढउतार जसाच्या तसा दाखवतो. आयईईई या संस्थेच्या 2015 च्या शिफारशीप्रमाणे शंभर हर्ट्‌झला हा चढउतार आठ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा व्हरांड्यात लावा, अभ्यासाच्या टेबलावर नको.

दिवाळीच्या माळांमध्ये व्होल्टची बेरीज जुळवण्याची ही गोष्ट आणखी उघडीवाघडी दिसते. पूर्वीच्या माळेत सहा-सहा व्होल्टचे अडतीसेक दिवे एका रांगेत असत आणि एक गेला की सारी माळ काळोखी. एलईडीच्या माळेत तांबड्या दिव्याला सुमारे दोन व्होल्ट लागतात, निळ्या-हिरव्या-पांढऱ्याला तीन, म्हणून रंग बदलला की रांगेतली संख्याही बदलते. काही माळांत विजेच्या लहरीचा एकच अर्धा भाग वापरतात. मग लुकलुक सेकंदाला पन्नासवर येते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवते. त्यातही दिव्याला तीनच व्होल्ट मिळतात म्हणून माळ निर्धोक समजू नये. थेट प्लगला लावलेल्या माळेची तार टोकापासून टोकापर्यंत घरच्या विजेला जोडलेली असते. सज्ज्यात पावसाची झड येत असेल तर कमी व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारी माळ घ्यावी.

शेवटी बल्बबद्दलची एक तक्रार: बटण बंद केल्यावरही अंधारात काड्या मिणमिणत राहतात. बटणातला इंडिकेटर किंवा भिंतीत शेजारून गेलेली चालू तार यांतून मिलिअँपिअरचाही लहानसा अंश बल्बपर्यंत झिरपतो. जुन्या तारेला त्याचा पत्ताही लागला नसता, एलईडीला तेवढं पुरतं. बहुतेक वेळा यात धोका नसतो. मात्र बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल तरीही हेच दिसतं, आणि मग दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभी असते. वायरमनकडून बटण फेजवर घेतलं आहे का हे तपासून घेईपर्यंत, बल्ब बदलताना मेन स्विच बंद करावा.