घरकुलाचा नकाशा : जोता भरण्यापूर्वीचा विचार

खेड्यात नवे घर बांधावयाचे ठरले की पहिली बोलणी होतात ती विटांचा दर, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांची. घरात माणसे किती, ती निजणार कोठे, पाण्याची भांडी कोठे राहणार, आजारी म्हातारीची बाज कोठे पडणार, हे प्रश्न बहुधा भिंती छातीइतक्या उंच आल्यावर निघतात. तोवर दाराच्या चौकटी बसलेल्या असतात आणि मोरीचे पाणी कोणत्या बाजूने जावयाचे तेही ठरून गेलेले असते. जोता एकदा भरला म्हणजे घराचा नकाशा बदलणे खर्चाचे होते, आणि ज्याची सारी पुंजी त्या जोत्यात गेली त्याला तर ते अशक्यच होते.

इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. घराचे किमान क्षेत्र त्या वेळी २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, करण्यात आले. स्वयंपाकाची स्वच्छ जागा याच क्षेत्रात धरलेली आहे. या योजनेतील एक तरतूद मात्र पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. घर ठेकेदाराने नव्हे, तर लाभार्थी कुटुंबाने स्वतः बांधून घ्यावयाचे आहे, आणि एकच एक नकाशा कोणावरही लादलेला नाही. असे असूनही एका वस्तीतील घरकुले पुष्कळदा एकाच साच्यातील दिसतात. नकाशा कोणी विचारत नाही, म्हणून गवंडी शेजारचाच उचलतो, इतकेच त्याचे कारण.

पूर्वीच्या घरांना मोजमाप नव्हते असे नाही. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घर किती खणांचे यावरून त्याचा आकार सांगितला जाई. कुटुंब वाढले की खण वाढे. ओसरीवर पाहुणा टेके, धान्य निवडले जाई, रात्री तेथेच पुरुषमंडळी निजत. माजघरात बाळंतीण असे, परसात भांडी, धुणे आणि भाजीचा वाफा. ओसरी, माजघर, देवघर, परसू हे सारे २५ चौरस मीटरमध्ये बसणार नाही. पण ती कामे काही संपलेली नाहीत. नव्या घरात ती कोठे व्हावयाची, हे ठरविणे म्हणजेच नकाशा करणे होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद हे त्या प्राणहानीचे मोठे कारण होते. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपाला तोंड देतील अशी घरे उभी राहिली, हे काम लहान नव्हे. तथापि घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले, कुटुंबात माणसे किती यावरून नव्हे. जुन्या घराचे चौकाभोवतीचे जीवनही सरळ ओळीतील नव्या घरांत मावेना. पुढे लोकांनी आपल्या हातांनी पडव्या काढल्या, आवारभिंती घातल्या, गुरांसाठी छपरे उभारली. नकाशात जे राहून गेले होते ते अशा रीतीने मागाहून भरून निघाले. मात्र त्याचा खर्च ज्याचा त्याने केला.

लहान घराच्या नकाशात थोडा हिशेबही उपयोगी पडतो. आतून ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद घराला २० मीटर बाह्य भिंत लागते. तेच २५ चौरस मीटर १० मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद केले तर भिंत २५ मीटर होते, म्हणजे पाव हिश्शाने अधिक. दारांचेही तसेच आहे. दहा फूट चौरस खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत मधोमध दारे ठेवली की जाण्यायेण्याची वाट खोलीचे दोन तुकडे करते आणि दोन्ही बाजूंना साडेतीन फुटांच्या पट्ट्या उरतात. हीच दारे एका कोपऱ्यापासून अर्ध्या फुटावर घेतली तर साडेसहा फूट रुंदीचा सलग भाग मोकळा राहतो. तेथे बाज पडते, मुलांना अभ्यासाला बसता येते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात पश्चिमेकडील भिंत सायंकाळी तापलेली असते. त्या बाजूला न्हाणी किंवा सामानाची जागा घ्यावी. चूल अशी असावी की धूर निजण्याच्या जागेत शिरणार नाही. ही शेवटची गोष्ट घरातील बाईइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. योजनेत घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याची दृष्टी आहे; तेव्हा नकाशाच्या बैठकीतही तिला बोलावणे क्रमप्राप्तच नव्हे काय?

कागदावरचा नकाशा सर्वांनाच वाचता येतो असे नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, खऱ्या मापाने, चुन्याच्या फक्कीने आखणी करणे. एका बाजूस तीन फूट, दुसऱ्या बाजूस चार फूट मोजून त्या दोन टोकांमधील अंतर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आला, हे गवंडी जाणतात आणि शाळेतील मुलेही. आखणी झाली की घरच्यांनी त्यात वावरून पाहावे. बाज ठेवावी, हंडे मांडावे, दार उघडण्याचा अंदाज घ्यावा. एखादी रेघ पुसून दोन फूट सरकविण्यास या वेळी काहीच खर्च येत नाही.

पुढच्या वाढीचा विचारही याच वेळी व्हावा. वरचा मजला कधी काळी घ्यावयाचा असेल तर पाया आजच त्या भाराचा हवा, विशेषतः काळ्या जमिनीत, कारण ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. शेजारी खोली वाढवावयाची असेल तर त्या भिंतीत दाराच्या मापाचे लिंटेल आधीच टाकून खालचा भाग विटांनी बंद करावा. जिना बाहेरून घेतल्यास उद्या दोन भावांचे बिऱ्हाड वेगळे झाले तरी घर फोडावे लागत नाही.

शौचालयाचे दोन शोषखड्डे विहीर आणि हातपंप यांपासून दूर, तसेच पुढील बांधकामाची जागा सोडून घ्यावेत. त्यांची ठिकाणे दाखविणारी नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक घरात असावी. पहिला खड्डा काही वर्षांनी भरतो आणि दुसरा सुरू करावा लागतो. तोपर्यंत त्याच्यावर माती, अंगण किंवा नवी पडवी आलेली असते, आणि बांधणारा गवंडी भलत्याच गावी कामाला गेलेला असतो.