गोडं पाणी आणि शुद्ध पाणी

ऐन श्रावणातली गोष्ट. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. पहाटेपासून दहा-बारा जुलाब झालेले, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला वेळ लागत होता. सलाईन सुरू करून मी विचारलं, पाणी कुठलं पिता? बाई जरा दुखावल्यासारखी झाली. म्हणाली, "डॉक्टरांनु, आमच्या बावीचा पाणी साखरेसारखा गोड आसा."

समुद्राच्या काठाला राहणाऱ्या माणसाला विहिरीच्या गोडेपणाचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. पण गोडं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून दर पावसाळ्यात किती रुग्ण माझ्याकडे येतात याची मोजदाद मी सोडून दिली आहे. आज हा घोटाळा सोडवण्यासाठी वाचकांना जरा दूर, प्रशांत महासागरातल्या एका बेटावर नेतो.

बेटाचं नाव अनिवा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू हेब्रिडीज नावाचा द्वीपसमूह होता, 1980 साली स्वतंत्र झाल्यावर त्याचं नाव वानुआतू झालं. त्यातलं हे लहानसं, प्रवाळाचं बेट. प्रवाळ म्हणजे पोवळ्याचा दगड, जाळीदार आणि सच्छिद्र. पाऊस पडला की पाणी वर थांबतच नाही, चाळणीतून गळावं तसं खाली जातं. ओढा नाही, झरा नाही. पावसाचं साठलेलं पाणी आणि शहाळी, यावर लोकांची तहान भागायची.

1866 साली जॉन पेटन नावाचा स्कॉटिश मिशनरी तिथे राहायला आला. त्याआधी तो शेजारच्या तन्ना बेटावर होता. तिथे पोहोचल्यावर काही महिन्यांतच, 1859 मध्ये, त्याची तरुण पत्नी आणि तान्हं मूल दोघंही दगावली. 1862 मध्ये जीव वाचवून त्याला ते बेट सोडावं लागलं. त्याच्या आत्मचरित्राची एक जुनी प्रत मला रद्दीत मिळाली होती. धर्मप्रसाराची पानं मी भराभर उलटली. विहिरीचं प्रकरण मात्र दोनदा वाचलं.

पेटनने ठरवलं की विहीर खणायची. नामाकेई हा तिथला वृद्ध प्रमुख. त्याला वाटलं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. पाऊस आकाशातून पडतो, तो जमिनीखालून कसा येईल? आयुष्यभर ज्याने झरा पाहिलेला नाही त्याची ही शंका अगदी तर्काला धरून होती. पेटन स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल या भीतीने त्याने माणसं पाळतीवर ठेवली. पेटनने मासे पकडायचे गळ मजुरी म्हणून देऊ करून लोकांकडून माती उपसून घेतली. खड्डा बारा फुटांवर गेला आणि एका रात्री कड ढासळली. त्यानंतर कोणी आत उतरेना. मग हा एकटाच खाली उतरून खणू लागला, आणि वरून लोक कप्पीने बादल्या ओढू लागले.

सुमारे तीस फुटांवर माती ओलसर लागली. त्या क्षणी त्याला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली, कारण समुद्र जवळ होता आणि पाणी खारं निघण्याची शक्यता मोठी होती. दुसऱ्या दिवशी भांडं भरून चाखलं तर पाणी गोडं! नामाकेईने ते भांडं हलवून पाहिलं, तोंडात घोळवलं, मग गिळलं. यानंतर ज्यांनी खड्ड्याकडे पाठ फिरवली होती त्याच लोकांनी प्रवाळाचे चिरे वाहून आणून विहीर बांधून काढायला मदत केली.

हे पाणी आलं कुठून? प्रवाळातून झिरपलेला पाऊस खाली समुद्राच्या पाण्याला भेटतो, पण लगेच मिसळून जात नाही. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा थोडं हलकं असतं, म्हणून ते त्यावर तरंगत राहतं. हा थर भिंगासारखा असतो, बेटाच्या मध्यावर जाड आणि कडेला पातळ. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर तिच्या खाली साधारण चाळीस फूट असतं, असा ठोकताळा आहे. तो बाडोन घायबेन या डच आणि हेर्झबेर्ग या जर्मन अभ्यासकाने स्वतंत्रपणे मांडला, आणि तोही पेटनची विहीर खणून झाल्यावर कित्येक वर्षांनी. पुढे लोकांनी बेटावर आणखी सहा-सात ठिकाणी खणून पाहिलं. कुठे कठीण खडक लागला, कुठे खारं पाणी. भाविकांनी यात देवाचा हात पाहिला. माझ्या मते भिंगाची जाडी सगळीकडे सारखी नसते, एवढंच.

उपसा बेताचा ठेवला तर हे भिंग टिकतं. पंप लावून भराभर ओढलं तर खालचं खारं पाणी वर येतं. आपल्या किनाऱ्यावर विजेचे पंप बसल्यानंतर ज्या विहिरी मचूळ झाल्या, त्यांचं कारण याच जातीचं.

मिशनऱ्यांचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. 1861 साली या बेटांवर गोवर आला, तो बाहेरच्या जहाजांबरोबर. लोकांना या रोगाची ओळखच नव्हती, आणि माणसं मोठ्या संख्येने मेली. गोऱ्यांनी रोग आणला हा तिथल्या लोकांचा राग निराधार नव्हता. पेटनचा हेतूही निव्वळ पाणी पाजण्याचा नव्हता, तो धर्मांतरासाठीच आला होता आणि ते त्याने लपवलं नाही. ज्या बाईची पाण्यासाठीची वणवण वाचली तिच्या दृष्टीने या वादाला किती अर्थ होता, हे मी सांगू शकत नाही.

वैद्यकीय मुद्दा पुढे आहे. ज्या जाळीदार दगडातून पाऊस झिरपतो, त्याच दगडातून संडासाचं आणि डुकरांच्या गोठ्याचं पाणीही झिरपतं, फारसं न गाळता. याच महासागरातल्या गिल्बर्ट बेटांवर, म्हणजे आजच्या किरिबातीत, 1977 साली पटकीची साथ आली. दाट वस्ती, घराशेजारी उथळ विहिरी आणि सगळीकडे मैला. नंतर तिथल्या मुख्य वस्तीत मैला वाहून नेणारी गटारं घालावी लागली. वादळाने तर सगळंच विस्कटतं. मार्च 2015 मध्ये 'पाम' चक्रीवादळाने वानुआतूला झोडपलं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अन्नाइतकाच तातडीचा झाला. म्हणून अशा बेटांवर आता चर्चच्या, शाळेच्या पत्र्यांना पन्हळी लावून पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात छपरावरची विष्ठा आणि पाचोळा असतो.

आता आपल्या वाडीकडे येऊ. आपला जांभा दगडही सच्छिद्रच. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पन्नास फूट अंतर हवं असं आम्हांला शिकवलं गेलं. जांभ्यात तेवढंही कधी अपुरं पडतं. आणि कबूल करायला हवं की हे मला फार उशिरा सुचलं. काही वर्षांपूर्वी एकाच घरातल्या तिघांना मी दहा दिवस औषधं देत राहिलो. संडास कुठे आहे हे विचारलंच नाही. तो विहिरीच्या वरच्या अंगाला, पंचवीस फुटांवर होता.

विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ती बहुधा अंदाजाने, मूठभर. हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग 3.14 ने गुणून 4 ने भागा. आलेल्या आकड्याला 1000 ने गुणलं की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे इथे सुमारे सत्तर ग्रॅम. पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवू द्या. खाली चुन्याचा साका बसेल, तो टाकून द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि दोराने वरखाली हलवा. रात्री टाकलं की सकाळपर्यंत कोणी पाणी भरत नाही, हे सोयीचं. डबा उघडा राहिलेली, वास गेलेली पावडर निरुपयोगी समजा.

तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. घरात लहान मूल असेल तर पावसाळ्यात पाणी खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. उकळल्याने खारेपणा जात नाही, हेही लक्षात असू द्या. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, घालून घोट घोट पाजा. मीठ जास्त पडू देऊ नका. मूल सुस्त पडलं, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडलं तर घरी थांबू नका.

त्या चार वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेज मागितली. पुढच्या रविवारी मी त्यांच्या वाडीत गेलो. पाणी खरोखरच गोड होतं. विहिरीला कठडा नव्हता आणि धुणं धुतलेलं पाणी ओघळून पुन्हा आतच जात होतं.