स्पर्धा नसेल तर प्रगती थांबेल का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आणि टक्के फिरू लागतात. ९४ टक्के मिळवलेल्या मुलीच्या आईला अभिनंदनाबरोबरच एक प्रश्न हमखास येतो, ‘‘मग वर्गात पहिलं कोण आलं?’’ मुलगी सकाळपासून आनंदात असते, पण या एका प्रश्नाने तिला आपले ९४ टक्के अचानक कमी वाटायला लागतात. कोणी हरकत घेतलीच तर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘‘अहो, जगच स्पर्धेचं आहे. निसर्गाचा नियम आहे तो. जो सक्षम असेल तोच टिकेल.’’

हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की ते खरं आहे का, हे पाहायचं राहूनच जातं. पण याच वाक्याच्या भरवशावर आपण मुलांच्या शाळा निवडतो, क्लास लावतो आणि दोन भावंडांची एकमेकांशी तुलना करतो. त्यामुळे ते एकदा नीट तपासून पाहायला हवं.

डार्विन काय म्हणाला होता?

‘सक्षम तोच टिकतो’ हे शब्द बहुतेक जण चार्ल्स डार्विनच्या नावावर खपवतात. खरं तर ते हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचे, १८६४ सालचे. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ त्याआधी, १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याने हे शब्द १८६९ च्या आवृत्तीत घेतले. शिवाय इथे सक्षम म्हणजे बळकट नव्हे, तर भोवतालच्या परिस्थितीला जुळणारा. आपण मात्र त्याचा अर्थ ‘बळी तो कान पिळी’ असा करून टाकला. जगण्यासाठीच्या झगड्याबद्दल लिहिताना डार्विनने वाळवंटाच्या कडेला उगवलेल्या रोपाचं उदाहरण दिलं आहे. ते रोप दुष्काळाशी झगडत असतं. तिथे हरवायला दुसरं कोणी नसतंच. एका जिवाचं दुसऱ्यावर अवलंबून असणंही त्याने याच झगड्यात धरलं आहे.

हा सिद्धांत जगापुढे कसा आला, हेही ऐकण्यासारखं आहे. डार्विन जवळजवळ वीस वर्षं आपली टिपणं घेऊन बसला होता. १८५८ मध्ये त्याला आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण निसर्गअभ्यासकाचं मलय बेटांवरून पत्र आलं. त्यात तोच विचार मांडलेला! डार्विन हादरला. आयुष्यभराच्या कामाचा मान आता दुसऱ्याला मिळणार, असं त्याला वाटलं. मित्रांनी मार्ग काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. पुढच्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ बाहेर पडला. वॉलेसने पुढे उत्क्रांतीवर जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव त्याने ‘डार्विनिझम’ ठेवलं. वॉलेसचं पत्र आलं नसतं तर डार्विनने ग्रंथ आणखी लांबवला असता, हे उघड आहे. म्हणजे स्पर्धेने धक्का दिला खरा. पण दोघं भांडत बसले नाहीत, म्हणून तो धक्का कामाला आला.

उंबराच्या आत

गावाकडे उंबर फोडून पाहिलेल्या प्रत्येकाला त्यातले किडे माहीत आहेत. आपण नाक मुरडतो, पण हे किडे म्हणजे एक प्रकारची इवलीशी गांधीलमाशी असते. उंबराची फुलं बाहेर दिसत नाहीत, कारण ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत असतात. मादी एका बारीक छिद्रातून आत शिरते, अंगावरचा परागकण फुलांना देते आणि तिथेच अंडी घालते. तिची पिल्लं आत वाढतात आणि नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही आणि उंबर नसेल तर माशीचा वंशच संपेल.

हे काही गोड गोड चित्र नव्हे. याच उंबरात काही फुकट्या माश्याही असतात. त्या परागीभवनाचं काम करत नाहीत, नुसती जागा बळकावतात. निसर्गात लबाडी आहे, हाणामारी आहे, एकमेकांना खाणंही आहे. पण मोठ्या उड्या बऱ्याचदा भागीदारीतून घेतल्या गेल्या आहेत. आपल्या शरीराच्या पेशींना ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक, म्हणजे मायटोकाँड्रिया, एके काळी स्वतंत्र जिवाणू होते. अब्जावधी वर्षांपूर्वी ते दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं, तेव्हा त्यांचा लेख आधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज हे पाठ्यपुस्तकात शिकवलं जातं. तुम्ही, मी, अंगणातली तुळस, सगळेच त्या जुन्या भागीदारीवर जगतो आहोत.

सगळेच उभे राहिले तर

मग जंगलातली झाडं उंचच उंच का वाढतात? तिथे स्पर्धाच असते आणि ती सूर्यप्रकाशासाठी असते. शेजारचं झाड उंच झालं की आपल्यालाही उंच व्हावं लागतं, नाहीतर सावलीत मरावं लागतं. पण गंमत पाहा, सगळी झाडं निम्म्या उंचीची राहिली असती तरी ऊन तेवढंच पडलं असतं. खोड उंच करण्यात जी प्रचंड शक्ती जाते, तिच्यामुळे जंगलाला उन्हाचा एक किरणही जास्त मिळत नाही.

नाटकाच्या प्रयोगाला पहिल्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागच्याला उभं राहावं लागतं, मग त्याच्या मागच्याला. शेवटी सगळं नाट्यगृह उभं असतं, पाय दुखत असतात आणि दिसतं तेवढंच, जेवढं बसून दिसत होतं.

आपल्या प्रवेश परीक्षांचं नेमकं हेच झालं आहे. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट परीक्षा दिली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा होत्या लाखाच्या थोड्या वर. ही मुलं रोज दोन तास अधिक अभ्यास करू लागली, आठवीपासून क्लासला बसू लागली, तरी डॉक्टर तेवढेच होणार. खुर्चीवर कोण बसेल, हे परीक्षा ठरवते. खुर्च्या किती असाव्यात, हे सरकार आणि महाविद्यालयं ठरवतात. देशाला डॉक्टर अधिक हवे असतील तर जागा, शिक्षक आणि रुग्णालयं वाढवावी लागतील, मुलांची झोप कमी करून ते होणार नाही. राजस्थानातल्या कोटा शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. ‘स्पर्धेमुळे मुलं घडतात’ असं म्हणताना या मुलांचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा?

महाराष्ट्रात बोर्डाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करणं कधीच बंद केलं. पण आता क्लासवाले चौकाचौकात मुलांचे फोटो आणि गुण लावतात. यादी गेली, फलक आले!

फोनची रांग कोणी संपवली?

आता दुसरी बाजूही पाहू. ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल, घरी टेलिफोन यायला वर्षानुवर्षं लागायची. लग्नात द्यायच्या स्कूटरसाठीही आधीच नंबर लावून ठेवावा लागे. १९९१ च्या आर्थिक बदलांनंतर हे चित्र पालटलं. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागत. नव्या कंपन्या आल्या, त्यांच्यात चढाओढ लागली आणि भाजीवालीच्या हातातही फोन आला. इथे स्पर्धेला तिचं श्रेय द्यायलाच हवं. एकच दुकान असलं की दुकानदार माजतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

मात्र ही स्पर्धा मोकाट नव्हती. १९९७ मध्ये नियमांवर लक्ष ठेवणारं ‘ट्राय’ हे प्राधिकरण आलं. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. ग्राहकाला सोडून जाता येतं, म्हणून कंपनी सुधारते. आठवीतलं मूल कुठे सोडून जाणार? कंपन्यांच्या स्पर्धेत हरते ती कंपनी. घरातल्या स्पर्धेत हरतं ते आपलं लेकरू. हा फरक आपण फार पटकन विसरतो.

कोंबड्यांचा धडा

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांचा कोंबड्यांवरचा प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. जास्त अंडी हवी असतील तर सर्वाधिक अंडी देणाऱ्या कोंबडीची पिल्लं वाढवायची, हा सरळ हिशेब. पण पिंजऱ्यात अनेक कोंबड्या एकत्र ठेवल्या की अशी पहिल्या नंबरची कोंबडी बऱ्याचदा इतरांना टोचून, दाण्यावरून हुसकून पुढे गेलेली असते. तिची पिल्लंही तशीच निपजतात. एकमेकींना टोचून मारू नये म्हणून मग त्यांच्या चोची छाटाव्या लागतात. म्यूर यांनी एकटीची अंडी न मोजता सगळ्या पिंजऱ्याची मोजली. ज्या पिंजऱ्याचं एकूण उत्पादन चांगलं, त्यातल्या कोंबड्यांची पुढची पिढी वाढवली. काही पिढ्यांतच चोची न छाटताही कोंबड्या मरण्याचं प्रमाण झपाट्याने घटलं आणि अंडीही वाढली. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं.

माणसं म्हणजे कोंबड्या नव्हेत, मान्य. पण वर्गात, ऑफिसात ‘स्टार’ ठरलेल्या व्यक्तीने स्वतः किती काम केलं आणि इतरांचं किती अडवलं, हे आपण कधी तपासतो?

उलट १५ मार्च १९५९ हा दिवस पाहा. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या, ८० रुपये उधार घेतले आणि पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याच ‘लिज्जत पापड’मध्ये आज ४० हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. बाजारात लिज्जतला इतर पापडांशी स्पर्धा करावीच लागते. चव बिघडली तर गिऱ्हाईक दुसरं पाकीट उचलेल. पण आत कोणी मालक नाही, सगळ्या ‘भगिनी’. जी जितके पापड लाटेल तितकी तिची मजुरी आणि संस्थेच्या नफ्यात सगळ्यांचा वाटा. शेजारणीचा पापड वाकडा झाला तर दुसरीचं भलं होत नाही, कारण पाकिटावर नाव एकच आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

घरात काय करायचं?

भावंडांची तुलना तेवढी पूर्ण थांबवता येते आणि त्यासाठी पैसाही लागत नाही. ‘ताईकडे बघ’ असं म्हटलं की धाकटा ताईकडे बघायचंच सोडतो. त्यापेक्षा ताईला त्याचं गणित घेऊ द्या. शिकवताना तिचंही पक्कं होतं. निकालाच्या दिवशी गेल्या वेळचा पेपर शेजारी ठेवा आणि गेल्या वेळी न सुटलेलं कोणतं गणित आता सुटलं ते विचारा. मुलांना कॅरम, खो-खो, बुद्धिबळ खेळू द्या, हरूही द्या. खेळातली हार संध्याकाळपर्यंत विसरता येते, म्हणून तर खेळ चांगला.

आणि प्रतिस्पर्ध्याकडे कसं पाहायचं, हे घरात दाखवायचं असेल तर नीरज चोप्राची गोष्ट सांगा. २०२४ च्या सुरुवातीला पाकिस्तानचा अर्शद नदीम नव्या भाल्यासाठी धडपडत होता, तेव्हा नीरजने त्याची बाजू जाहीरपणे घेतली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्शदने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं, नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. हरियाणातल्या घरी पत्रकारांनी गाठल्यावर नीरजची आई सरोजदेवी म्हणाल्या की सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे. नव्वद मीटरचा टप्पा नीरजला अजून गाठायचा होता. तो त्याने पुढच्या मे महिन्यात दोहा इथे गाठला, ९०.२३ मीटर. आयुष्यातली सर्वोत्तम फेक. त्या दिवशी जर्मनीच्या युलियन वेबरने ९१.०६ मीटर फेकला आणि नीरज दुसरा आला.