थंडी पडते, वाजते आणि मी म्हणते
ऋतूंचे शब्द : भाग ६

मागच्या भागात पावसाची नावे पाहिली. झिमझिम, भुरभुर, संततधार, मुसळधार. नावे सांगता सांगता जागा पुरली नाही. थंडीची नावे त्या मानाने थोडी: गारवा, गारठा, कडाका, हीव. तिचे खरे धन क्रियापदांत आहे, आणि लिहिणारे मात्र विशेषणे शोधत बसतात. ‘गुलाबी थंडी’ तर इतकी वापरून झाली आहे की तिच्यातला गुलाबी रंग आता कुणाला दिसत नाही.

थंडी ‘पडते’ तेव्हा ती साऱ्या गावाची असते. ‘वाजते’ तेव्हा एकाच माणसाची होते. मला वाजेल, शेजाऱ्याला वाजणार नाही. हीव ‘भरते’ तेव्हा घरातली माणसे कपाळाला हात लावून ताप बघतात. आणि थंडी ‘मी म्हणते’ तेव्हा तिच्यापुढे कुणाचे काही चालत नाही.

जानेवारीत सकाळी पावणेसातला सातपूरच्या त्र्यंबक रस्त्यावर उभे राहावे. एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या दुचाकीस्वाराला थंडी बोचते, कारण हँडलवरच्या बोटांच्या पेरांत वारा शिरतो. रात्रपाळी संपवून टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभा असलेला ‘गारठलो’ म्हणतो. त्याची थंडी रात्रभरात मुरलेली असते. पौष वद्य एकादशीच्या आधी याच रस्त्याने दिंड्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जातात. पहाटे उघड्यावर गार पाण्याने आंघोळ केलेला वारकरी काकडतो. रस्ता तोच, पहाटही तीच, पण या तिघांची क्रियापदे एकमेकांना देता येत नाहीत. दिली की माणूस खोटा वाटू लागतो.

निफाडकडे तर शब्द आणखी बदलतात. तिथे पारा उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला आकडा सगळे वाचतात. द्राक्षबागाईतदाराची थंडी मण्यांना तडे पाडते, फुगवण थांबवते. तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचे पाणी सोडतो, कारण ते पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. त्याच्या तोंडी ‘आल्हाददायक’ घालणाऱ्या लेखकाने एकदा ती पहाट बघावी.

हेमंत आणि शिशिर हे शब्द ग्रांथिक म्हणून टाकू नयेत. मार्गशीर्ष-पौषाच्या हेमंतात भूक आहे, भरलेपण आहे. माघ-फाल्गुनाच्या शिशिरात पानगळ. मर्ढेकरांनी १९३९ साली पहिल्या संग्रहाला ‘शिशिरागम’ हे नाव दिले. ‘हिवाळा’ म्हटले असते तर पानगळीची चाहूल लागली नसती.

सर्वांत आवडते उदाहरण मात्र फार जुने आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहनांचे शिलालेख आहेत. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतात, एक शेतकरी भेटतो. ऐन माघात तो अंगावरचे पांघरूण विकून बैल घेतो. बायकोच्या उबेचा त्याला भरवसा आहे, आणि ती ऊब कवीला धूर नसलेल्या कोंड्याच्या विस्तवासारखी वाटते. थंडीला एकही विशेषण नाही. महिन्याचे नाव आणि विकलेले पांघरूण, एवढ्यावर वाचणाऱ्याला हुडहुडी भरते.

पुढच्या भागात धुके, धुई, दव आणि दहिवर. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या गावी थंडी काय करते. ते जे क्रियापद सांगतील ते जसेच्या तसे लिहून पाठवा.