नहाणीतून उलटणारे पाणी

नहाणीच्या जाळीतून खाली जाणारे पाणी कधीकधी उलटे वर येऊ लागते. हा प्रकार घडतो बहुधा तळमजल्यावर. तिसऱ्या मजल्यावर त्याचा पत्ताही नसतो. असे का, याचे उत्तर एकमेकांना जोडलेल्या नळ्यांच्या प्रयोगात आहे. इमारतीचे सांडपाणी उभ्या नळांतून उतरून चेंबरमध्ये येते आणि तेथून उताराने रस्त्याखालच्या गटारवाहिनीला मिळते. पुढे कोठे चिंध्या, प्लॅस्टिक किंवा थिजलेले तेल अडकले, की पाणी साचते, त्याची पातळी चढते आणि सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून ते बाहेर पडते. नहाणी ट्रॅपमध्ये साठलेले थोडेसे पाणी दुर्गंधी अडवते, हा दाब नव्हे.

कधी मुख्य वाहिनीच भरलेली असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी पुराचे पाणी गटारांच्या झाकणांतून आत शिरते आणि मैलापाणी घेऊन सखल भागांतल्या घरांत येते.

तेव्हा पहिला उपाय बादली किंवा खराट्याचा नाही. वरच्या मजल्यांवर निरोप धाडून नळ व फ्लश बंद ठेवायला सांगावे. तळमजल्यावर आलेले पाणी पुष्कळदा त्यांनीच सोडलेले असते! ओल्या जमिनीवर न जाता पोहोचता येत असेल, तरच विजेचा मुख्य खटका बंद करावा. आणि चेंबरमध्ये माणूस कधीही उतरवू नये. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही’ म्हणून आत उतरलेला माणूस परत येत नाही. बांबूची लांब पट्टी किंवा जोराने पाणी मारणारे यंत्र ही कामे बाहेरून करू शकते. अशा धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात उतरवण्यास २०१३च्या कायद्याने मनाई आहे.

पाणी ओसरल्यावर बहुतेक जण काय करतात? चिखलावरच ब्लीचिंग पावडर भुरभुरतात. पांढरी जमीन आणि क्लोरीनचा वास यांनी समाधान होते, काम मात्र फारसे होत नाही. क्लोरीनला जंतू आणि मळ यांतला फरक कळत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी त्याची क्रिया होते आणि तो संपून जातो. विहिरीत पावडर टाकण्यापूर्वी आरोग्य कर्मचारी हॉरॉक्सची पेटी वापरतात, ती याचसाठी. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचे पाणी घेऊन त्यांत पावडरच्या द्रावणाचे अनुक्रमे एक ते सहा थेंब टाकतात. अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडचा दर्शक घालून निळा रंग प्रथम कोणत्या पेल्यात येतो ते पाहतात. पाणी जितके गढूळ, तितका निळा पेला पुढचा. तळमजल्यावरच्या चिखलाला हा हिशेब लावला, तर सहा पेले कोठेच पुरणार नाहीत.

म्हणून आधी रबरी बूट व हातमोजे घालून गाळ काढावा, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासून धुवावी आणि त्यानंतरच क्लोरीन वापरावा. दहा लिटर पाण्यात ०.१ टक्का क्लोरीन हवा, म्हणजे १० ग्रॅम. पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल, तर पावडर लागेल सुमारे ३३ ग्रॅम. (हे गणित मुलांकडून अवश्य करून घ्यावे.) द्रावणाने फरशी किमान दहा मिनिटे ओली राहू द्यावी. दमट हवेत उघडी राहिलेली पावडर मात्र निकामी होत जाते.

याच फरशीवर संडास धुण्याचे आम्ल ओतण्याचा मोह होतो. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली, की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

स्टीलची भांडी आणि फरशी स्वच्छ करता येतात. कापसाच्या गाद्या, पुठ्ठे, तसेच दुकानातले किंवा शाळेच्या कोठीतले भिजलेले धान्य टाकूनच द्यावे. वाळवलेला तांदूळ चांगला दिसतो, एवढेच. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत हे पाणी शिरल्याची नुसती शंका असली, तरी टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करेपर्यंत नळाचे पाणी पिऊ नये.

मुंबईत २००५च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. उंदरांच्या मूत्रातून येणारे हे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालावे लागले असेल, तर पाय साबणाने धुवावेत आणि ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावे.