सभासदत्वाची अक्षरे आणि मॅनहोलच्या पायऱ्या

मी खडकीचा. येथे १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना काढला. बॉम्बे सॅपर्सचे केंद्रही येथेच. डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या आमच्या वस्तीतल्या पोरांना इंजिनियर होण्याची एकच वाट परवडे : ए.एम.आय.ई. दिवसा पाळी, रात्री अभ्यास. १९२० साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स’च्या या परीक्षेला सरकारने पदवीची बरोबरी दिली होती. २०१३ च्या मे अखेरनंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती उरली नाही.

मीही सभासद झालो. नावापुढे अक्षरे आली. पण सभासदत्व म्हणजे केवळ अक्षरे काय? संस्थेची आचारसंहिता लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण हे इंजिनियरचे कर्तव्य मानते. मात्र हे बंधन सभासदापुरतेच. वकिलांसाठी १९६१ चा आणि आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. वकिलाची सनद गेली की वकिली गेली. इंजिनियरांसाठी देशभर लागू होणारा असा कायदा नाही. संस्थेने नाव काढले तरी तो कामे करीतच राहतो. म्हणून प्रश्न अखेर त्याच्या विवेकाशीच येतो.

१२ जुलै १९६१ रोजी अपुरे असलेले पानशेत धरण फुटले. पुणे बुडाले, चौकशी आयोग बसले. पुराने वाडेही बुडवले होते, म्हणून प्रश्न विचारले गेले. मॅनहोलमधल्या मरणाची चौकशी कोण करतो?

मॅनहोलच्या नकाशात आम्ही आत लोखंडी पायऱ्या दाखवतो. म्हणजे कोणीतरी उतरणार, हे आम्ही गृहीत धरलेले असते. तो कोण, हे नकाशावर लिहावे लागत नाही. जातीने ते आधीच लिहून ठेवले आहे. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो वाढला की नाक बधिर होते, वासही येत नाही. साधनांवाचून गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये भरपाई ठरवली. पण भरपाई मरणानंतरची. नकाशा मरणाआधीचा असतो.

तेव्हा इंजिनियरने नकाशातच यंत्राच्या गाडीला वाट ठेवावी, तिचा खर्च अंदाजपत्रकात धरावा आणि ‘माणूस उतरवून घेऊ’ म्हणणाऱ्या कागदावर सही नाकारावी. आपल्यातून शिकून वर आलेल्यांवर हे ऋण अधिक आहे. आपली सही ज्याला खाली उतरवते, तो बहुधा आपल्याच घरातला असतो.