प्रवेशानंतरचा घाट
सातपुड्यातील आयुर्वेद-विद्यार्थी आणि वैद्यवर्गाची विनामूल्य अध्यापनसेवा

आयुर्वेद-शिक्षणाविषयी आपल्या व्यासपीठांवर पुष्कळ चर्चा होते. प्रवेशपरीक्षा, महाविद्यालयांच्या मान्यता आणि पदव्युत्तर जागा हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय. प्रवेश मिळवून वसतिगृहात दाखल झालेल्या विद्यार्थ्याचे पहिल्या दीड वर्षात काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्यातही हा विद्यार्थी अक्कलकुवा किंवा अक्राणी तालुक्याच्या डोंगरभागातून आलेला असेल, तर त्याची अडचण त्याच्या गुरुजनांनाही नेमकी उमगत नाही. ‘अभ्यासात कच्चा’ असा शेरा मारून विषय संपविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे निदान चुकीचे आहे. आणि निदान चुकले की चिकित्साही चुकते, हे वैद्यांना सांगावयास नको.

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, देवगोईचा घाट चढून गेल्यावर लागणारे गाव. भोवतालच्या पाड्यांची ही बाजारपेठ होय. येथील भगर दूरवर प्रसिद्ध आहे आणि आमचूर, चारोळी, मोहफुले, सफेद मुसळी यांचा व्यवहार आपल्यापैकी अनेक औषधी-व्यापार्‍यांस परिचित असेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत सुमारे ६४ टक्के होते. राज्याचे प्रमाण तेव्हा ८२ टक्क्यांहून अधिक होते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा ६९ टक्क्यांच्या आसपास होता. ऊसतोडीसाठी आणि गुजरातेतील मजुरीसाठी होणारे हंगामी स्थलांतर हा येथील कुटुंबांच्या जीवनक्रमाचाच भाग. अशा घरातील मूल आश्रमशाळेत शिकून, ‘नीट’ परीक्षा देऊन धुळे, नाशिक किंवा पुणे येथील आयुर्वेद महाविद्यालयात पोहोचते, तेव्हा त्याने एक घाट चढलेला असतो. दुसरा पुढे उभा असतो.

तो घाट भाषेचा आहे. घरी भिली, नोइरी किंवा पावरी, शाळेत मराठी, शारीराच्या पुस्तकांत इंग्रजी, आणि संहितेत संस्कृत. चार भाषांच्या पायर्‍या एकदम चढावयाच्या. शहरातील विद्यार्थ्याने शाळेत संस्कृत घेतलेले असते, निदान घरात चार सुभाषिते तरी कानावरून गेलेली असतात. डोंगरातील विद्यार्थ्याला विभक्ती, संधी आणि समास यांची पहिली भेट थेट वाग्भटाच्या ग्रंथातच घडते. २०२२ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात साडेचार वर्षांचे तीन समान टप्पे आहेत, प्रत्येकी अठरा महिन्यांचे. पहिल्याच टप्प्यात संस्कृत व आयुर्वेदाचा इतिहास, पदार्थविज्ञान, क्रियाशारीर, रचनाशारीर आणि संहिताध्ययन असे विषय येतात. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचे पहिले १५ अध्याय आणि चरकसूत्रस्थानाचे पहिले १२ अध्याय याच काळात व्हावयाचे असतात. आरंभी परिचयपर वर्ग होतात, परंतु दोन आठवड्यांच्या ओळखीने संस्कृत येत नाही.

येथे एक विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. द्रव्यगुण हा विषय दुसर्‍या टप्प्यात येतो. ज्याने बालपणी मोह वेचला, चारोळी फोडली, बेहडा, धावडा आणि पळस पानावरून व सालीवरून ओळखले, तो विद्यार्थी या विषयात वर्गाचा अग्रणी ठरू शकेल. सुकलेल्या नमुन्यांवरून आणि चित्रांवरून वनस्पती पाठ करणार्‍या सहाध्यायांना तो पुष्कळ काही शिकवू शकेल. पण पहिल्याच परीक्षेत प्रथमा-द्वितीयेच्या जाळ्यात अडकून तो मागे पडला, खचला किंवा शिक्षण सोडून परतला, तर त्याच्या सामर्थ्याचा विषय येण्यापूर्वीच आपण त्याला गमावतो. अरण्यातील वनस्पती जाणणार्‍या वैद्यांची आज किती वाण आहे, हे भेसळयुक्त कच्चा माल परत करून थकलेल्या औषधनिर्मात्यांस विचारावे.

गरजू विद्यार्थ्यास आधार देण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. माधुकरी आणि वार लावून जेवण यांवर कित्येकांची शिक्षणे झाली. अर्थात ती सोय बहुधा ठराविक जातींपुरतीच होती, हेही विसरता येत नाही. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती उभारली आणि ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांस अल्प खर्चात निवास, भोजन व संस्कार यांची सोय झाली. नर्मदाकाठच्या गावांत, याच अक्कलकुवा-अक्राणी परिसरात, नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या. मुलांच्या बोलीपासून आरंभ करून त्यांना प्रमाण मराठीपर्यंत नेणे, हा त्या शाळांचा आपल्या विषयाशी थेट संबंधित धडा आहे. अलीकडचे उदाहरण पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये आरंभिलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’चे. या तरुणांनी गरीब मुलांना ‘नीट’साठी विनामूल्य शिकविले आणि पुढे मेळघाटातील आदिवासी मुलांसाठी ‘उलगुलान’ या नावाने वर्ग चालविले. बिरसा मुंडा यांच्या उठावाचे हे नाव अभ्यासवर्गाला देण्यातील कल्पकता दाद देण्याजोगी आहे.

यांतील बहुतेक प्रयत्न प्रवेशापर्यंत नेतात किंवा निवास-भोजनाची व्यवस्था पाहतात. राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना (२०१६) हीदेखील वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या भोजन-निवासाच्या खर्चासाठी आहे. या गोष्टींचे मोल कमी नाही. परंतु पोट भरले आणि छप्पर मिळाले, तरी पदार्थविज्ञानातील ‘समवाय’ समजावून सांगणारा कोणी लागतोच. ही पोकळी भरण्यास आपल्याहून योग्य वर्ग दुसरा नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. अध्यापन हे येथे दुसर्‍यावरील उपकार म्हणून नव्हे, तर स्वतःचे ज्ञान निर्मळ ठेवण्याचा उपाय म्हणून आले आहे. वीस वर्षे व्यवसाय केलेल्या वैद्याने दोषविज्ञान पुन्हा एखाद्या नवख्याला शिकवून पाहावे. आपले काय आणि किती झिजले आहे, ते तत्काळ कळते.

महाविद्यालय असलेल्या प्रत्येक नगरात पाच-सहा वैद्यांनी आठवड्यातील एकेक सायंकाळ वाटून घेतली, तरी वर्ग उभा राहतो. दवाखाना बंद झाल्यावरची प्रतीक्षाकक्षाची जागा पुरेशी आहे. आरंभ व्याकरणाच्या नियमांपासून करू नये. एक श्लोक घ्यावा, पदे सुटी करावीत, अन्वय लावावा आणि अर्थ साध्या मराठीत सांगावा. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ आणि वैद्य य. गो. जोशी यांचा चरकाचा मराठी अनुवाद जवळ ठेवावा. परीक्षेसाठी अनुवाद पाठ करून घेण्याचा मोह मात्र टाळावा. विद्यार्थ्याला एखाद्या द्रव्याचे त्याच्या बोलीतील नाव विचारावे व ते फळ्यावर संस्कृत नावाशेजारी लिहावे. त्याने त्याची भीड चेपते आणि शिकविणार्‍यालाही एक नवे नाव मिळते.

औषधालयांच्या मालकांनी करण्यासारखेही पुष्कळ आहे. कच्च्या द्रव्यांचे अस्सल व भेसळीचे नमुने शेजारी-शेजारी ठेवून महिन्यातून एकदा दाखविता येतील. जुन्या आवृत्तीचे ग्रंथ कपाटातून बाहेर येऊ शकतील. सुट्टीत काम द्यावयाचे असल्यास योग्य वेतन द्यावे. ‘शिकायला मिळते’ या सबबीवर पुड्या बांधून घेणे म्हणजे अध्यापनसेवा नव्हे. त्याचप्रमाणे वर्ग सुरू झाल्याच्या दुसर्‍याच दिवशी दात्यांच्या छायाचित्रांचा फलक लावण्याची घाईही नसावी. साहाय्य घेणार्‍याचा चेहरा चौकात टांगला की तो पुन्हा येत नाही.

जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक खात्याची जोडणी या गोष्टींतही विद्यार्थ्याचे दिवसच्या दिवस जातात. कार्यालयीन भाषा जाणणार्‍या एका वैद्याने अर्ज तपासून दिला, तर त्याच्या दोन फेर्‍या वाचतात. आणि देवगोईच्या घाटातून येणार्‍यासाठी दोन फेर्‍या म्हणजे पालकांची चार दिवसांची मजुरी असू शकते.

वर्गाचे वेळापत्रक आखताना एक सूचना. होळी हा सातपुड्यातील सर्वांत मोठा सण. मोलगीजवळच्या काठी येथील राजवाडी होळीला दूरदूरचे पाडे लोटतात आणि नवस असलेले तरुण काही दिवस व्रतस्थ राहतात. त्या आठवड्यात विद्यार्थी गैरहजर राहिला, तर त्याला उदासीन समजू नये. त्या दिवसांत नवा पाठ घेऊ नये आणि तो परतल्यावर पहिली सायंकाळ उजळणीसाठी राखावी.